आपल्या घराण्याचे जुने कागद कोठे सापडतात आणि ते कसे वाचावेत

महाराष्ट्रात केवळ वंशावळी लिहून ठेवाव्यात म्हणून सरकारने कधी दप्तर उघडले नाही. तरीही गेल्या दोन-अडीचशे वर्षांतील अगदी साध्या कुटुंबांची नावे ठिकठिकाणच्या कागदांत लिहिलेली आढळतात. सारा वसूल करणाऱ्याला शेत कोणाचे हे माहीत असावे लागे, वतनाचा तंटा निवडणाऱ्याला खरा वारस ठरवावा लागे, आणि तीर्थावरच्या उपाध्यायाला आपला यजमान दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नसे. आपल्या पूर्वजांची नावे टिकली ती या व्यवहारांच्या ओघात. म्हणून घराण्याचा शोध घेणाऱ्याने कोणताही जुना कागद हाती घेताना तो कशासाठी लिहिला गेला, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. ज्या कामासाठी कागद लिहिला त्या कामापुरतेच त्यात लिहिलेले असते, आणि उरलेले सगळे, बहुधा घरातल्या बायका, मुली आणि धाकटे भाऊ, त्यातून गळालेले असते.

शोधाची सुरुवात मात्र घरातच करावी. ज्या घरात श्राद्धपक्ष होतो, तेथे वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांचा नावानिशी उच्चार होतो, आणि त्यांच्या जोडीने आई, आजी, पणजी आणि आईच्या माहेरचे पुरुषही येतात. ही नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा नेहमीच्या भटजींना ठाऊक असतात. ती आजच उतरवून घ्यावीत. त्यानंतर घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ निवांत बसावे. तिला सन सांगता येणार नाही, पण घटना सांगता येतील, आणि त्या घटनाच आपले सन असतात. सासऱ्यांचे आजोबा ‘शहात्तरच्या दुष्काळात’ घाटावरून खाली आले, असे घरात ऐकिवात असेल तर ती हकिकत १८७६ ते १८७८ या काळातली आहे. कोणी ‘प्लेगात’ गेले असेल तर ते १८९६ नंतरच्या काही वर्षांत गेले असणार. ‘मानमोडीत’ एकाच आठवड्यात दोन सुना गेल्या असे ती सांगत असेल, तर ती १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ होय. अशी एक घटना हाती आली की पुढे सरकारी नोंदवहीत नेमकी कोणती वर्षे चाळायची हे ठरवता येते, आणि महिन्याभराचे काम एका दिवसात आटोपते.

याच बैठकीत गावाचे पूर्ण नाव पक्के करून घ्यावे. ‘पिंपळगाव’ एवढ्याने काहीच भागत नाही; महाराष्ट्रात या नावाची गावे डझनांनी आहेत. गाव, तालुका, जुना तालुका वेगळा असल्यास तोही, वस्ती किंवा वाडी, आणि कुलदैवत कोणते, हे सगळे लिहून घ्यावे. आपल्याकडच्या सर्व नोंदी गाववार लावलेल्या असतात, त्यामुळे गाव सापडल्याशिवाय नावाचा शोध सुरूच होत नाही.

सर्वांत समृद्ध आणि सर्वांना खुला असलेला ठेवा म्हणजे जमिनीचे कागद. बहुतेकांना सातबारा माहीत असतो, पण वंश शोधणाऱ्याच्या दृष्टीने सातबाऱ्यावरचा खरा ऐवज म्हणजे मालकाच्या नावाजवळ वर्तुळात लिहिलेले छोटे आकडे. ते फेरफारांचे क्रमांक असतात. जमिनीच्या हक्कात जो जो बदल झाला, म्हणजे कोणी मेले, कोणी विकली, भावाभावांत वाटणी झाली, त्याची हकिकत ‘गाव नमुना सहा’ या फेरफार नोंदवहीत एका परिच्छेदात लिहिलेली असते. आजच्या सातबाऱ्यावरून शेवटचा फेरफार काढायचा, त्यात ज्याचे नाव कमी झाले त्याचे नाव कोणत्या फेरफाराने लागले होते ते पाहायचे, मग तो फेरफार काढायचा; अशा पायऱ्या उतरत गेले की बहुतेक गावांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपर्यंत पोहोचता येते, कारण मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत तेव्हा सुरू झाली.

जुन्या वारस फेरफाराचा साचा साधारण असा असतो: समजा, ‘सोनजी बिन रामजी हे सुमारे चार महिन्यांपूर्वी मयत. त्यांस वारस मुलगे १) रामजी वय २२, २) धोंडी वय १४, अ.पा.क. आई भागीरथी कोम सोनजी. सबब नंबर एकचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल.’ इतक्या ओळींत तीन पिढ्यांचे दुवे आहेत. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, त्यामुळे मयत सोनजीच्या वडिलांचे नाव रामजी होते हे कळते. आणि थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीतही येथे दिसते. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता किंवा पालनकर्ती, म्हणून धोंडी त्या वेळी अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, होता आणि आई हयात होती. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून पुढच्या सातबाऱ्यावर एकट्या रामजीचे नाव लागेल आणि धोंडी कागदावरून नाहीसा होईल, तरी तो होता आणि त्याचा हिस्साही होता. ‘आमच्या पणजोबांना भाऊ नव्हता, उताऱ्यावर एकच नाव आहे’ असे सांगणारी माणसे मला अनेकदा भेटली आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या भावकीचे मूळ या तीन अक्षरांत सापडले आहे.

या फेरफारात मुलींचा उल्लेख नाही, याचा अर्थ मुली नव्हत्या असा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारसांमध्ये मुलींची नावे येऊ लागली. त्याआधी मुलगे असताना मुलींना जमिनीत वाटा नव्हता, म्हणून तलाठ्याला त्यांची नावे लिहिण्याचे कारणच नव्हते. १९५६ नंतरच्या फेरफारांत आणि बहिणींनी लिहून दिलेल्या हक्कसोडपत्रांत मात्र त्यांची सासरची नावे आणि गावेही मिळतात, आणि एका कागदातून नात्यातली चार-पाच गावे उलगडतात.

ही साखळी मध्येच तुटल्यासारखी वाटते तेव्हा बहुधा क्रमांक बदललेला असतो. पूर्वी शेताला सर्व्हे नंबर असे. १९४७ च्या कायद्याने पुढे तुकडेजोड आणि एकत्रीकरणाची योजना जेथे राबवली गेली, तेथे त्याचे गट नंबर झाले. जुन्या सर्व्हे नंबरचा नवा गट कोणता, याचे पत्रक तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. ते हाती न घेता जुने फेरफार शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. जुने सातबारे, फेरफार, कडईपत्रके (हक्कनोंदीचाच एक जुना प्रकार) यांची राहण्याची जागा तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. नकलेसाठी गाव, सर्व्हे किंवा गट नंबर आणि साधारण वर्ष लिहून अर्ज द्यावा. अनेक तालुक्यांतील जुने कागद आता छायाचित्रित होऊन सरकारच्या संकेतस्थळावर पाहता येतात, परंतु सर्व गावांचे सर्व नमुने तेथे नाहीत. तेथे मिळाले नाही म्हणून कागद अस्तित्वातच नाही असे धरून चालू नये.

ज्यांच्या घरी जमीन नव्हती त्यांनीही निराश होऊ नये. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांची नावे कुळांच्या नोंदीत आहेत, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाच्या आधारे कुळांना मालकी देताना झालेल्या चौकशीत कोण किती वर्षांपासून कसत होते याचे जबाब नोंदले गेले. महार वतनासारखी कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने बरखास्त झाली. तोपर्यंत त्या वतनदारांच्याही नोंदी ठेवल्या जात, आणि ज्या समाजाच्या घरांत लेखी कागद फारसा नव्हता त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे.

मराठवाड्यात वाट थोडी वेगळी आहे. तेथे १९४८ पर्यंत निजामाची राजवट होती, म्हणून जुने कागद पुष्कळदा उर्दूत आणि फसली सनाने, म्हणजे साऱ्याच्या हिशेबाच्या वर्षाने, लिहिलेले असतात. खासरा पत्रक, म्हणजे शेतवार जमिनीची नोंद, हा तेथला हुकमी कागद. विदर्भातील नागपूरकडच्या भागात बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या, वेळची ‘मिसल’ आणि त्यानंतरचा ‘अधिकार अभिलेख’ मागावा लागतो.

जन्म-मृत्यूच्या गावपातळीवरच्या जुन्या नोंदवहीला लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. तोच गाव नमुना चौदा. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जन्माची वर्दी बारशाच्या आधी दिली जाई, त्यामुळे मुलाच्या नावाच्या जागी नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असे लिहिलेले असते; बापाचे नाव, जात आणि तारीख एवढ्यावरूनच आपले माणूस ओळखावे लागते. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, वडिलांचे नाव, जात आणि जन्मस्थळ मिळते. तेथली जन्मतारीख मात्र जपून घ्यावी: कितीतरी आजोबांचा जन्म १ जूनचा असतो, कारण शाळेच्या वर्षाच्या हिशेबाने गुरुजींनी ती तारीख घातलेली असते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा महसूल व शाळांच्या दप्तरांबरोबर कारागृहांतील कच्च्या कैद्यांच्या वह्या, पोलिसांची गाववार रजिस्टरे, ताडीच्या परवान्यांच्या वह्या आणि दुय्यम निबंधकांकडील दस्तही तपासले गेले. सामान्य माणसाचे नाव किती अनपेक्षित जागी लिहिलेले असते, हे त्या यादीवरून कळते.

आता तीर्थक्षेत्रांकडे वळू. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग, हरिद्वार या ठिकाणच्या उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान्पिढ्या जपलेल्या आहेत. नाशिकला रामकुंडाजवळ गेल्यावर उपाध्याय पहिल्यांदा गाव विचारतात, मग आडनाव आणि जात. आपण भलत्याच घरी गेलो असू तर तेच सांगतात की अमुक गाव अमक्यांकडे आहे, कारण गावांची वाटणी ठरलेली असते. मग कापडात बांधलेले लांबट बाड बाहेर येते. पाने कडांना तपकिरी झालेली, शाई काळी, आणि एकाच पानावर दोन-तीन वेगवेगळ्या पिढ्यांची हस्ताक्षरे. सर्वांत जुना लेख मोडीत असतो, त्याखाली बाळबोध, आणि सर्वांत खाली एखादी निळ्या बॉलपेनाची सही. लेखाचा आशयही ठरलेला असतो: अमुक गावचे अमुक, आम्ही यात्रेस आलो, तुम्हांस आपले उपाध्याय मानले, आमच्या वंशातील जो कोणी येईल तो तुम्हांलाच मानील. त्यापुढे स्वतःचे, भावांचे, मुलांचे, बापाचे, आजाचे नाव. आपल्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने, कदाचित आईच्या अस्थी घेऊन आले असताना लिहिलेली ती ओळ वाचताना हात कापतो. मी माझ्या घराण्याची ओळ पाहिली तेव्हा पुढची पाच मिनिटे काही बोलू शकलो नाही.

या वहीतला लेख मोलाचा ठरतो तो लिहिणारा स्वतःच माहिती देत असल्यामुळे. तीन पिढ्यांपर्यंतची नावे त्याला पाठ असतात, म्हणून ती भरवशाची. चौथ्या-पाचव्या पिढीची नावे ऐकीव असू शकतात, तेथे दुसरा पुरावा शोधावा. या वह्या उपाध्यायांच्या घरची मालमत्ता आहेत. आधी निरोप द्यावा, दक्षिणा द्यावी, आणि छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागात आणि लगतच्या कर्नाटकात हेळवी येतात. सुगीनंतर नंदीबैल घेऊन गावात यायचे, वाड्याच्या किंवा घराच्या दारात बसून त्या कुळाची नावे मूळ पुरुषापासून म्हणून दाखवायची, नवी जन्मलेली मुले वहीत चढवायची आणि धान्य, कपडा, पैसा घेऊन पुढच्या घरी जायचे, हा त्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय. त्यांच्याजवळ घराणे मुळात कोणत्या गावाहून आले, भावकी कोठे कोठे पांगली, याची माहिती असते, आणि ती सरकारी कागदात सहसा मिळत नाही. मात्र देणगी देणाऱ्या घरासमोर म्हटल्या जाणाऱ्या वंशावळीच्या वरच्या टोकाला राजघराणे किंवा पुराणपुरुष जोडलेला असेल, तर तो भाग श्रद्धेचा समजून बाजूला ठेवावा आणि अलीकडच्या सात-आठ पिढ्या इतर कागदांशी पडताळून घ्याव्यात.

एकोणिसाव्या शतकाच्या मागे जायचे तर मोडीला पर्याय नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दप्तरांत आणि खासगी व्यवहारांत मोडी चालू होती. आधी पानभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकवीत, लेखणी फारशी न उचलता ती लिहिली जाते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि नेहमीचे शब्द आद्याक्षरावर सोडलेले असतात: ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘प॥’ म्हणजे परगणे. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ, जे १९१० पासून हे काम करीत आले आहे, तेथे आणि राज्यात इतरत्रही मोडीचे वर्ग चालतात. काही महिने रोज तासभर बसले तर छापील वळणाची मोडी वाचता येते. घाईत लिहिलेल्या दप्तरी मोडीला त्याहून पुष्कळ अधिक सराव लागतो.

मोडी वाचता आली तरी कालगणना अडवते. शके असेल तर ७८ मिळवावेत: शके १८०० म्हणजे इसवी सन १८७८-७९. फसली सनात ५९० मिळवावेत. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो, तो अरबी संख्याशब्दांत आणि उलट क्रमाने लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला लागते, म्हणून त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवायचे. ११६१ हा सन त्यामुळे १७६०-६१ असा येतो. पानिपताचा सन तोच. तिथीच्या जागी ‘छ’ आणि पुढे रजब, साबान असा महिना दिसला तर तो मुसलमानी चांद्रमास समजावा.

या काळातले कागद पुण्याच्या पुरालेखागारात, ज्याला लोक अजूनही पेशवे दप्तर म्हणतात, तेथे हजारो रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. मुंबई आणि कोल्हापूर येथेही शासनाची पुरालेखागारे आहेत. घराण्यात पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, जोशीपण, मुकादमी असे काही असेल तर तेथे दोन प्रकारचे कागद शोधावेत. पहिला ‘करीना’: वतनाच्या तंट्यात पक्षकाराने पंचांपुढे दिलेली आपल्या घराण्याची हकिकत. दुसरा ‘महजर’, म्हणजे गोतसभेने (गावातल्या वतनदारांच्या व जाणत्यांच्या सभेने) साक्षीपुरावे घेऊन दिलेला निवाडा. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर इनामदारांना आपले हक्क सिद्ध करावे लागले, तेव्हाही अशा कैफियती आणि वंशावळी मोठ्या संख्येने दाखल झाल्या. हे कागद वाचताना लिहिणाऱ्याचा हेतू विसरू नये: करीना देणारा माणूस वतन मागतो आहे, म्हणून तो आपली शाखा वडील असल्याचे सांगणार आणि भावकीतला प्रतिस्पर्धी दत्तक किंवा धाकट्या पातीचा ठरवणार. शक्य असेल तर दोन्ही पक्षांचे करीने मिळवून शेजारी ठेवून वाचावेत. ज्या नावांवर दोघांचे एकमत आहे ती निःशंकपणे घ्यावीत.

आडनावाचा आधार येथे फसवतो. जुन्या कागदात बऱ्याचदा आडनाव नसतेच. नाव, बिन, बापाचे नाव आणि हुद्दा एवढेच असते. एकाच घराण्यातला जो भाऊ पाटीलकी करी तो पाटील झाला, जो दुसऱ्या गावी गेला तो त्या नव्या गावात जुन्या गावाच्या नावाला ‘कर’ लावून ओळखला गेला, आणि तिसऱ्याने मूळ उपनाव राखले. अशा वेळी कुलदैवत आणि देवक यांचा माग घ्यावा. माणसे गाव सोडतात, आडनाव बदलतात, पण कुलदैवत सहसा बदलत नाहीत. महाराष्ट्र, कर्नाटक आणि केरळात पसरलेली कित्येक सारस्वत घराणी आपले मूळ गाव गोव्यातल्या मंगेशी किंवा शांतादुर्गेवरून ओळखतात. गोव्यात देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या, गावकऱ्यांच्या म्हणजे कोमुनिदादच्या नोंदी आणि चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व मृत्यूची पुस्तके मिळतात. पणजीच्या पुरालेखागाराची परंपरा तर १५९५ पर्यंत मागे जाते. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांना मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या स्थलांतराच्या नोंदवह्यांत पूर्वजाचे नाव, क्रमांक, बापाचे नाव आणि गाव शोधता येते. परंतु परक्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले गावाचे नाव मोठ्याने चार प्रकारे उच्चारून पाहावे लागते, तेव्हा कोकणातली एखादी वाडी ओळखू येते.

मिळालेले लिहिताना प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदात, कोणत्या गावच्या कोणत्या फेरफारात किंवा कोणत्या उपाध्यायांच्या वहीत मिळाले ते लिहावे, आणि जे केवळ अंदाजाने जोडले ते पेन्सिलीने लिहावे. आजोबा-नातवांची नावे एकच असल्यामुळे एखादी पिढी गळणे किंवा दुप्पट होणे ही सर्वांत नेहमीची चूक असते. दोन पिढ्यांमध्ये साधारण पंचवीस ते तीस वर्षांचे अंतर पडते का, हे ताडून पाहिले की ती उघडी पडते. सुनांची नावे लिहिताना त्यांचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे गाव हे तिन्ही लिहावे, आणि लेकींच्या ओळी लग्नापाशी थांबवू नयेत. तीर्थाच्या वहीत आपली ओळ लिहायची वेळ आली तर तेथेही मुलींची नावे घालायला सांगावे. माझ्या ओळीत त्या उपाध्यायांनी माझ्या दोन्ही बहिणींची नावे सासरच्या गावांसह आनंदाने लिहून घेतली, आणि खाली मला सही करायला लावली.